आठवणीची तार

वडिलांच्या पायातील अरुंद रक्तवाहिनीत डॉक्टरांनी तारेच्या जाळीची नळी बसवावयाचे ठरविले. पण बोर धरणाजवळच्या हिंगणीस आमचे दादा हटून बसले. "अंगात तार? मुळीच नको!" मी पडलो मराठीचा मास्तर, समजावणार काय? अखेर त्याच जातीच्या धातूची वीतभर तार टपालाने मागविली.

निकेल आणि टिटॅनियम यांचा हा मिश्रधातू, नितिनॉल. १९६१ साली अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील एका बैठकीत कुणी त्याच्या चुरगळलेल्या पट्टीला लायटरची आच दिली, अन् पट्टी आपोआप सरळ झाली!

मी तारेचे वेटोळे करून चहाच्या आधणात सोडले. क्षणात ती ताठ! दादांचे डोळे विस्फारले. मग मला हाव सुटली. तिला 'श्री' शिकवावा म्हणून खिळ्यांभोवती वळवून शेगडीत धरली. पण नवा आकार शिकवायला सुमारे पाचशे अंश उष्णता मोजून द्यावी लागते. माझे निखारे भलतेच कडक. 'श्री' तर नाहीच, मूळचा ताठपणाही ती विसरली.

"नळीलाही असाच विस्तव लागतो?" दादांनी विचारले.

"छे! ती मिटवून आत नेतात. तिथे अंगाच्या उबेत आपला आकार आठवून ती उमलते."

दादा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वर्ध्याची पहिली बस किती वाजता रे?"