दोन ध्वज, दोन रौप्यपदके : मिया ऑडिनाची कारकीर्द

ऑलिम्पिक बॅडमिंटनमध्ये नेदरलँड्सच्या नावावर आजवर एकच पदक जमा आहे. अथेन्स येथे २००४ मध्ये महिला एकेरीचे ते रौप्यपदक मिळवणारी मिया ऑडिना मात्र डच क्रीडाव्यवस्थेत घडलेली नव्हती. त्याआधी आठ वर्षे, अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिने याच प्रकारातील रौप्यपदक इंडोनेशियासाठी जिंकले होते. दोन भिन्न देशांकडून खेळून बॅडमिंटनचे ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली खेळाडू ठरली.

ऑडिनाचा जन्म २२ ऑगस्ट १९७९ रोजी जकार्ता येथे झाला. बॅडमिंटन हा इंडोनेशियाचा अत्यंत लोकप्रिय खेळ. बार्सिलोना येथे १९९२ मध्ये सुसी सुसांतीने त्या देशाला पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हापासून तिच्या वारसदाराचा शोध सुरू झाला होता. दोन वर्षांतच ऑडिनाचे नाव पुढे आले.

महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत, म्हणजे उबेर चषकात, प्रत्येक लढतीत पाच सामने असतात. जकार्ता येथील १९९४ च्या अंतिम लढतीत इंडोनेशिया आणि चीन यांच्यात २-२ अशी बरोबरी झाली. निर्णायक सामना १४ वर्षांच्या ऑडिनाच्या वाट्याला आला. समोर चीनची १९ वर्षीय झांग निंग होती. ऑडिनाने हा सामना ११-७, १०-१२, ११-४ असा जिंकला आणि १९७५ नंतर प्रथमच उबेर चषक इंडोनेशियाकडे आला. त्या काळी महिला एकेरीचा गेम ११ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूलाच गुण मिळत असे. त्यामुळे आकडे लहान दिसले, तरी प्रत्येक गुणासाठी दीर्घ झुंज द्यावी लागे.

इंडोनेशियाने १९९६ मध्येही हा चषक राखला. त्याच वर्षी अटलांटा येथे ऑडिनाने अंतिम फेरी गाठली; परंतु दक्षिण कोरियाच्या बँग सू-ह्यूनने तिला ११-६, ११-७ असे नमवले. त्या वेळी ती अवघ्या १६ वर्षांची होती.

कारकिर्दीला कलाटणी मिळाली ती १९९९ मध्ये. डच गायक टायलिओ लोबमन याच्याशी विवाह करून ती नेदरलँड्सला गेली आणि त्या देशाकडून खेळू लागली. ऑलिम्पिक सनदेनुसार एका देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून उतरण्यापूर्वी सर्वसाधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. संबंधित संस्थांच्या संमतीने ही मुदत कमी होऊ शकते. सिडनी येथील २००० च्या ऑलिम्पिकमध्ये ऑडिना डच खेळाडू म्हणून उतरली. पुढे २००३ च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले आणि २००४ मध्ये युरोपीय अजिंक्यपदही पटकावले.

अथेन्समध्ये महिला एकेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या चौघींपैकी तिघी चीनच्या होत्या, चौथी ऑडिना. अंतिम सामन्यात दहा वर्षांपूर्वीचीच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आली. पहिला गेम ऑडिनाने ११-८ असा घेतला; मात्र पुढील दोन गेम ११-६, ११-७ असे जिंकून झांग निंगने सुवर्णपदक मिळवले. जकार्तात हरलेल्या त्याच झांगने २००८ मध्ये बीजिंग येथे हे पद राखलेही.

नेदरलँड्सच्या महिला संघाने २००६ मध्ये उबेर चषकाची अंतिम फेरी गाठली, तेव्हा ऑडिना त्या संघात होती. जेतेपद चीनने ३-० असे जिंकले. त्याच वर्षी तिने स्पर्धात्मक बॅडमिंटनमधून निवृत्ती घेतली.

ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत तिची दोन रौप्यपदके दोन देशांच्या खात्यांत विभागलेली आहेत. मात्र अथेन्सच्या पदकाचे श्रेय केवळ एका देशाला देता येत नाही. त्यामागचा खेळ जकार्तात घडला होता. तो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पुन्हा पोहोचला तो नेदरलँड्सच्या जर्सीत.