क्रीममधला हलकेपणा येतो कुठून?

खोबरेल तेल लावलं की हात बराच वेळ तेलकट राहतो. चांगलं लोशन मात्र झटकन पसरतं आणि चिकचिक करत नाही. अनेक क्रीम-लोशनांत ही किमया करणारा एक पातळ, रंगहीन द्रव असतो. त्याचं नाव आयसोप्रोपिल मिरिस्टेट, धंद्यातल्या बोलीत ‘आयपीएम’.

हा मेदाम्लाचा एस्टर. त्यातलं मिरिस्टिक आम्ल लायन प्लेफेअर यांनी १८४१ साली जायफळातून वेगळं केलं. आपल्या खोबरेल तेलातही ते साधारण १८ टक्के असतं.

वनस्पती तेलातल्या मेदाम्लांवरचं हे रसायनशास्त्र ठाणे जिल्ह्याला नवं नाही. १९७० साली सुरू झालेल्या फाइन ऑरगॅनिक या कंपनीचे कारखाने डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूरला आहेत. खाद्यपदार्थ, प्लास्टिक आणि सौंदर्यप्रसाधनांत मिसळायची द्रव्यं तिथे तेलांपासूनच बनतात.

आयपीएमची कृती कागदावर सोपी दिसते: मिरिस्टिक आम्ल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्प्रेरकासह तापवायचं. पण एस्टरसोबत पाणीही तयार होतं आणि तेच पाणी एस्टर पुन्हा फोडू लागतं. म्हणून अल्कोहोल जादा घालतात आणि त्याच्या वाफेबरोबर पाणी सतत बाहेर काढतात. बॅच कुठवर आली, हे प्रयोगशाळेत कळतं. नमुन्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायचा. गुलाबी छटा जितकी लवकर टिकेल, तितकं उरलेलं आम्ल कमी. औषधी दर्जासाठी ही ‘अ‍ॅसिड व्हॅल्यू’ १ च्या आत लागते.

आयपीएम त्वचेच्या वरच्या थरातल्या मेदांत मिसळून तो थर थोडा सैल करतं, त्यामुळे काही औषधं आत सहज शिरतात. मलमांच्या निर्जंतुकतेची चाचणी घेतानाही मलम विरघळवायला तेच वापरतात. मला हा त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग वाटतो, कारण मलम विरघळून गाळलं गेलं, तरच त्यातले जंतू गाळणीवर सापडतात.

मात्र सशाच्या कानावरच्या चाचण्यांत आयपीएमने रोमछिद्रं बुजवल्याचं दिसलं आहे. सशाचा कान माणसाच्या त्वचेपेक्षा जास्त संवेदनशील असतो आणि प्रमाणावरही बरंच अवलंबून असतं, त्यामुळे सरसकट घाबरायचं कारण नाही. पण चेहऱ्यावर मुरमं येत असतील, तर डोंबिवली-कल्याणच्या दमट, घामट उन्हाळ्यात क्रीम घेताना वेष्टनावरची यादी जरूर वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक त्यात उतरत्या प्रमाणाने लिहिलेले असतात. आयसोप्रोपिल मिरिस्टेट पहिल्या चार-पाच नावांत दिसलं, तर दुसरं क्रीम निवडा.