विश्लेषण : पोकेमॉनमधला बलाढ्य ड्रॅगनाइट हल्लाच का करत नाही? कॉम्प्युटर इतका ‘मूर्ख’ कसा खेळतो?

एलिट फोरमधली शेवटची लढत. समोर लान्सचा ड्रॅगनाइट, लेव्हल ६२. त्याच्याकडे ‘हायपर बीम’ आहे, म्हणजे गेममधल्या सर्वांत जबरदस्त हल्ल्यांपैकी एक. तुमच्याकडे उरलाय दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगासारखा दिसणारा व्हेनोमॉथ. एक-दोन फटक्यांत विषय संपायला हवा. पण ड्रॅगनाइट हल्ला करतच नाही. तो आपला वेग वाढवतो. मग बचाव वाढवतो. मग पुन्हा वेग. तोवर व्हेनोमॉथ त्याला निवांत पोखरत राहतो आणि शेवटी ड्रॅगनाइट आडवा!

वेफर्सच्या पाकिटातले टॅझो जमवत आणि टीव्हीवर पिकाचू बघत मोठ्या झालेल्या पिढीला पोकेमॉन नवा नाही. पण ज्या गेमपासून हे सगळं सुरू झालं, त्यातला कॉम्प्युटर असा वेड्यासारखा का वागतो? ते समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

पोकेमॉनचे पहिले गेम जपानमध्ये १९९६ साली आले. अमेरिकेत १९९८ मध्ये ते ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या नावांनी विकले गेले. २०१४ मध्ये ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंग साइटवर एक अजब प्रयोग झाला. ‘ट्विच प्लेज पोकेमॉन’ या चॅनेलवर ‘रेड’ सुरू ठेवला गेला आणि प्रेक्षकांनी चॅटमध्ये टाइप केलेल्या शब्दांवर खेळाडू हलू लागला. एका वेळी लाखाच्या आसपास लोक ‘वर’, ‘खाली’, ‘ए’, ‘बी’ असं ओरडत होते. १२ फेब्रुवारीला सुरू झालेला हा गोंधळ १ मार्चला गेम पूर्ण करूनच थांबला.

या गर्दीच्या व्हेनोमॉथने लान्सच्या ड्रॅगनाइटला हरवलं आणि चाहत्यांनी त्याला ‘ड्रॅगन स्लेयर’ ही पदवीच देऊन टाकली. यात नशिबाचा भाग होता, पण ड्रॅगनाइटचं वागणं नशीब नव्हतं. ते गेमच्या कोडमध्येच लिहिलेलं आहे.

कॉम्प्युटर मूव्ह कशी निवडतो?

हौशी प्रोग्रामरांनी या गेमचा कोड उलगडून ठेवला आहे, त्यामुळे आतलं गणित आता सगळ्यांना पाहता येतं. प्रत्येक पोकेमॉनकडे जास्तीत जास्त चार मूव्ह असतात. कॉम्प्युटर सुरुवातीला चारही मूव्हना १० गुण देतो. इथे कमी गुण म्हणजे चांगली मूव्ह. मग नियमांचे थर लागतात आणि गुण वर-खाली होतात. शेवटी सर्वांत कमी गुणांची मूव्ह निवडली जाते. बरोबरी झाली, तर त्यांतून कोणतीही एक.

नियमांचे मुख्य थर तीन. पहिला थर सांगतो, की समोरच्याला आधीच विषबाधा, झोप वगैरे झाली असेल, तर पुन्हा तसली मूव्ह नको. तिसरा थर मूव्हचा टाइप समोरच्यावर किती प्रभावी आहे, ते पाहतो. पाणी आगीवर भारी, आग गवतावर भारी, हा पोकेमॉनचा पायाच आहे. प्रभावी टाइप असेल, तर त्या मूव्हचा एक गुण कमी होतो, म्हणजे तिला पसंती मिळते. कोणत्या ट्रेनरला कोणते थर द्यायचे, हे आधीच ठरलेलं आहे. लान्सला पहिला आणि तिसरा थर मिळाला आहे.

मग चूक कुठे झाली?

ड्रॅगनाइटच्या चार मूव्ह अशा : अ‍ॅजिलिटी, बॅरिअर, स्लॅम आणि हायपर बीम. पहिली वेग वाढवते, दुसरी बचाव वाढवते. खरा मार देणाऱ्या फक्त शेवटच्या दोन.

गंमत अशी, की अ‍ॅजिलिटी आणि बॅरिअर या दोन्ही मूव्ह ‘सायकिक’ टाइपच्या आहेत. सायकिक टाइप विषारी पोकेमॉनवर दुप्पट प्रभावी असतो आणि व्हेनोमॉथ विषारी आहे. त्यामुळे तिसरा थर या दोन्ही मूव्हना शाबासकी देतो. अ‍ॅजिलिटी ९, बॅरिअर ९, स्लॅम १०, हायपर बीम १०. सर्वांत कमी गुण पहिल्या दोघींचे. मग त्यांतूनच निवड.

‘टाइप प्रभावी आहे का’ हे कॉम्प्युटरने तपासलं. पण ‘या मूव्हने समोरच्याला काही इजा होते का’ हे विचारायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वेग वाढवणारी मूव्ह समोरच्याला लागतच नाही, मग तिचा टाइप कोणताही असो.

यातला आणखी एक विनोद बघा. लान्सने चारांतून डोळे मिटून मूव्ह निवडली असती, तरी सरासरी दोनपैकी एक वेळ हल्ला झाला असता. त्याला जो जास्तीचा शहाणपणाचा नियम दिला, तोच त्याला नडला. एलिट फोरमधल्याच ब्रूनोला तिसरा थर नाही, त्यामुळे तो या सापळ्यात अडकत नाही.

कॉम्प्युटर थांबत का नाही?

अ‍ॅजिलिटी तीन वेळा वापरली, की वेगवाढीची मर्यादा गाठली जाते. त्यानंतर ती वापरून काहीही होत नाही. पण या मर्यादेची नोंद निवडीच्या गणितात नाही. दर फेरीला गुण पुन्हा १० पासून सुरू होतात आणि उत्तर तेच येतं.

आपण खेळताना प्रत्येक मूव्ह ठरावीक वेळाच वापरता येते. ती संपली, की दुसरी निवडावीच लागते. पण या पहिल्या गेममध्ये कॉम्प्युटरच्या ट्रेनरना ही मर्यादा लागू नाही. मूव्ह कधी संपतच नाहीत, म्हणून हा हट्टही संपत नाही.

असा एकटा ड्रॅगनाइटच आहे का?

नाही. आगीच्या पोकेमॉनचा जिम लीडर ब्लेन आठवतो? त्याचा पोकेमॉन ठणठणीत असतानाही तो मध्येच त्याला ‘सुपर पोशन’ पाजतो आणि आपली पाळी वाया घालवतो. दर फेरीला साधारण २५ टक्के शक्यतेने त्याने औषध वापरावं, असा कोड आहे. दुसरी जिम लीडर एरिका औषध काढण्याआधी पोकेमॉनची ताकद एक दशांशाच्या खाली गेली का, ते बघते. ब्लेनच्या बाबतीत ही एक ओळ राहूनच गेली. नंतरच्या ‘यलो’ आवृत्तीत ती जोडण्यात आली.

हे मुद्दाम केलं होतं का?

थोडं मुद्दाम, थोडं नाइलाजाने. गेम बॉयचा प्रोसेसर जेमतेम ४.१९ मेगाहर्ट्झचा आणि रॅम ८ किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक ‘सुप्रभात’चा फोटोही त्यात मावणार नाही. पुढच्या दहा चालींचा विचार करणारा प्रतिस्पर्धी तिथे बसवणं कठीणच होतं.

शिवाय हा मुलांचा गेम. इथे प्रतिस्पर्ध्याचं काम थोडी दमछाक करून शेवटी हरण्याचं आहे. म्हणूनच जंगलात भेटणारे पोकेमॉन कोणतीही मूव्ह अशीच निवडतात आणि मोठ्या ट्रेनरना जास्त नियम मिळतात. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये ही पद्धत बरीच सुधारली. तिथे प्रत्येक मूव्ह १०० गुणांनी सुरू होते आणि जास्त गुण म्हणजे चांगली. मर्यादा गाठलेली ताकद पुन्हा वाढवायला गेलं, तर गुण कापले जातात. पण तिथेही साध्या ट्रेनरना जिम लीडरपेक्षा कमी नियम देण्यात आले. म्हणजे मूर्खपणा मोजून-मापून वाटला गेला. ड्रॅगनाइटचा हट्ट मात्र त्या मापात बसणारा नव्हता. गेममधल्या सर्वांत अवघड लढतींपैकी एकीत तो राहून गेला.

आपण यातून काय घ्यायचं?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉम्प्युटरला फुली-गोळा खेळायला शिकवलं होतं. दोन नियम : समोरचा जिंकत असेल तर अडव, स्वतः जिंकत असशील तर जिंक. दोन्ही बरोबर. पण मी ‘अडव’ आधी लिहिलं. रूममेटने पहिल्याच डावात पकडलं. कॉम्प्युटरची ओळ पूर्ण व्हायला एकच घर बाकी होतं आणि तो बापडा माझ्या रूममेटला अडवत बसला. दोन ओळींची जागा बदलली आणि तो ‘हुशार’ झाला.

आज परीक्षेचे पेपर तपासण्यापासून कर्जाचे अर्ज चाळण्यापर्यंत अनेक ठिकाणी नियमांवर चालणारे प्रोग्राम बसले आहेत. त्यांचा निर्णय विचित्र वाटला, तर ‘कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे बरोबरच असेल’ किंवा ‘कॉम्प्युटर येडा आहे’ यापैकी काहीही म्हणण्याआधी एक गोष्ट विचारता येते : त्याने नेमकं काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं? गेममध्ये या राहिलेल्या प्रश्नाची किंमत एक ड्रॅगनाइट असते. बाहेर ती कुणाची तरी ॲडमिशन किंवा कर्ज असू शकतं.

आणि कधी जुना ‘रेड’ किंवा ‘ब्लू’ हाती लागलाच, तर लान्सकडे जाताना टीममध्ये एक विषारी पोकेमॉन नक्की ठेवा.