मनुष्यस्वभाव आणि प्रतिष्ठा : एका हौदाच्या निमित्ताने

‘सर, जात कायद्याने जायची नाही. तो मनुष्यस्वभावच आहे.’ कोल्हापुरात शिक्षकी पेशात काढलेल्या माझ्या आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. ते बोलणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो शिक्षकांच्या खोलीत आपल्या डब्यातली भाकरी माझ्याबरोबर वाटून खाणारा असतो. म्हणूनच या वाक्याची चिकित्सा केली पाहिजे. दुष्टाच्या तोंडी आलेला विचार ओळखता येतो. सज्जनाच्या तोंडी आलेला विचार सत्य म्हणून खपून जातो.

‘स्वभाव’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. भूक, भीती, माया, अपमान झाल्यावर येणारा संताप, हे सगळ्या माणसांना असते. हा एक अर्थ. अमकी जात चोरटी, तमकी घाणेरडी, तिसरी उपजत बुद्धिमान, हा दुसरा. पहिला स्वभाव माणसाचा आहे. दुसरा माणसावर लादलेला आहे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव द्यायचे आणि मग ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते?’ असे म्हणायचे, ही वर्णव्यवस्थेची जुनी लबाडी आहे. भगवान बुद्धांनी वासेठ्ठ सुत्तात ती अडीच हजार वर्षांपूर्वीच उघडी पाडली. गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जन्माने येणारी वेगवेगळी चिन्हे आहेत. माणसामाणसांत तशी नाहीत. माणसातले भेद हे केवळ दिलेल्या नावांचे आहेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

या लबाडीला इंग्रजी राज्यात कायद्याचे बळ मिळाले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा करण्याआधीच गुन्हेगार! कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर हजेरीची सक्ती होती. काही केले असो वा नसो, अमक्या जातीत जन्मला म्हणून माणसाने हजेरी द्यायची. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. ज्यांना चोर म्हणून हाकलले जात होते त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याचे काम दिले. आता विचारा, या माणसांचा ‘जन्मजात स्वभाव’ एका हुकुमासरशी कोठे गेला? तो तेथे नव्हताच. तेथे होती उपासमार आणि संशय. देशपातळीवर तो कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ साल उजाडावे लागले.

माणसाची पात्रता त्याच्या कर्तृत्वावर ठरते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने वेदोक्त प्रकरण आठवावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द छत्रपतींना, तुम्ही शूद्र आहात, तुमचा अधिकार पुराणोक्त मंत्रांपुरताच, असे सुनावले गेले. राज्य करणाऱ्याची ही गत, तर पागेत घोड्यांची चाकरी करणाऱ्याची काय असेल?

गंगाराम कांबळे हे असेच पागेतले नोकर. मराठा नोकरांसाठी असलेल्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून त्यांना बेदम मार बसला. त्यांनी महाराजांपुढे जाऊन गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी त्यांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितले व मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे दुकान उभे राहिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कोणी? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानी गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले.

ही हकीकत कोल्हापुरात पुष्कळांना ठाऊक आहे. वर्गात मी ती सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, म्हणजे गंगारामांची प्रतिष्ठा राजाने दिली. राजा आला नसता तर?’ त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधताना मला माझे लहानपण आठवले. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्यासाठीची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. पिऊन झाले की आपणच विसळून पालथी घालायची. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. तो आमच्या वळचणीपर्यंत पोहोचला नव्हता. एके दिवशी मी चहा प्यायलो आणि कपबशी आत नेऊन इतरांच्या कपबश्यांत ठेवली. मालक काही बोलायच्या आत वडिलांनीच माझ्या थोबाडीत मारली, ‘लेकराला कळत न्हाई मालक’ म्हणून हात जोडले आणि कपबशी परत बाहेर आणली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तो प्रसंग पाहणाऱ्या कोणीही म्हटले असते, ‘बघा, लाचारी यांच्या रक्तातच आहे.’ पण रक्तात लाचारी असलेला माणूस रात्री उपाशी का झोपेल? हात जोडणे त्यांना व्यवस्थेने शिकवले होते. न जेवणे हा त्यांचा स्वभाव होता. त्यांची प्रतिष्ठा मेलेली नव्हती, भीतीखाली दबलेली होती.

आता त्या विद्यार्थिनीला मी सांगू शकतो : गंगारामांना प्रतिष्ठा राजाने दिली नाही. हौदाला हात लावला, तेव्हा ती त्यांच्यापाशी होतीच. मार खाऊन गप्प न बसता ते गाऱ्हाणे मांडायला गेले, तेव्हाही होती. राजाने केले ते एवढेच की तिला नाकारणाऱ्यांना त्यांची जागा दाखवली. ते थोडे नव्हे. परंतु त्याला दान म्हणू नये. दया वरून खाली येते आणि देणाऱ्याला मोठे करते. हातचा चहा घेणे म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणे होय.

शाहू महाराजांना स्वतःला हा फरक कळत होता. मार्च १९२० मध्ये माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तेथे येऊन महाराजांनी अस्पृश्य समाजाला सांगितले की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. आपल्या आश्रयाची गरज संपावी असे वाटणारा आश्रयदाता विरळा. दोन वर्षांनी, १९२२ साली, महाराज गेले. राजाच्या गाडीवर अवलंबून असलेली समता तेथेच थांबली असती. ती हक्काच्या भाषेत मांडण्याचे काम बाबासाहेबांनी केले.

संविधानाची उद्देशिका या दृष्टीने पुन्हा वाचावी. त्यात व्यक्तीची प्रतिष्ठा बंधुतेला जोडलेली आहे. बंधुता हा शब्द बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने उद्देशिकेत घातला. याचा अर्थ मी असा लावतो : प्रतिष्ठा माणसाबरोबर जन्मते, पण ती जगते दुसऱ्याच्या वागण्यात. कायदा माणसाचे मन एका दिवसात बदलत नाही हे खरे. परंतु तो अपमान करणाऱ्याला किंमत मोजायला लावतो आणि अपमान सोसणाऱ्याची भीती कमी करतो. भीती गेली की जिला आपण स्वभाव म्हणत होतो ती लाचारी गळून पडते, आणि सवय मोडली की समोरच्याची मिजासही.

आज वळचणीची कपबशी पुष्कळ ठिकाणी दिसत नाही. पण हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. मरणारे बहुतेक कोणत्या वस्तीतले असतात हे सांगायला नको. त्याला कोणी स्वभाव म्हणत नाही. ‘त्यांना सवय असते’ असे म्हणतात. शब्द बदलला, लबाडी तीच.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘मनुष्यस्वभावच आहे’ असे यापुढे कोणी म्हणाले, तर वाद घालू नका. एकच प्रश्न विचारा. हौदाला हात लावणारा माणूस होता, आणि त्याला मारणारेही माणसेच होती. यातल्या कोणाच्या स्वभावाबद्दल आपण बोलता आहात?