क्षणात गोठलेली फीत

मुंबईच्या गिरगावातील खोताची वाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळले की शहराचा गलबला मागे पडतो. कौलारू छपरांची, लाकडी सज्जांची, बाहेरून जिना चढणारी दुमजली घरे दिसू लागतात. वाडीचे वर्णन करावयाचे नाही. आज मला बोलावयाचे आहे ते एका आवाजाविषयी. वाडीतून बाहेर पडून गिरगावच्या मोठ्या रस्त्यांवरून फिरताना एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर लोखंडी दार लागते. त्यावर कवटीचे चित्र आणि धोक्याची सूचना असते, आणि आतून ‘हूं’ असा संथ, अखंड आवाज येत असतो. आत विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो. बेस्टकडून येणारी उच्च दाबाची वीज तो आपल्या दिव्यापंख्यांना सोसेल अशी करून देतो.

हा आवाज कशाचा? ट्रान्सफॉर्मरच्या पोटात लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो. वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. त्याबरोबर या गाभ्याचे चुंबकत्व एकदा एका दिशेला, एकदा उलट दिशेला फिरते. प्रत्येक वेळी लोखंड किंचित ताणले जाते व आखडते, आणि त्याची ही गुणगुण होते. पण लोखंड फुकट गुणगुणत नाही. चुंबकत्व उलटे करताना थोडी वीज प्रत्येक आवर्तनात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. रात्री तीन वाजता सगळी वाडी झोपलेली असते, तेव्हाही हे चालूच. समजा, एखाद्या गाभ्यात अशी 500 वॅट वीज सतत खर्च होते. वर्षाचे तास 8,760. म्हणजे 4,380 युनिटे गेली, आणि त्यांवर एकही दिवा लागला नाही. गावोगावच्या खांबांवरचे आणि गल्लोगल्लीचे ट्रान्सफॉर्मर मोजू लागलात तर हिशेब कोठे जाईल ते आपणच पाहावे.

मग असे लोखंड का करू नये, की ज्याचे चुंबकत्व सहज फिरेल? येथेच आजचा विषय सुरू होतो.

लोखंड काय, सोने काय, थंड होऊन गोठते तेव्हा त्याचे अणू शिस्तीने रांगा धरून बसतात. अशा रांगांचे असंख्य लहान लहान कण बनतात. प्रत्येक कणाच्या रांगांची दिशा वेगळी, आणि दोन कणांमध्ये सीमा. या रांगा चुंबकत्वाला आपल्या सोयीची दिशा लावून देतात, आणि कणांच्या सीमा त्याच्या वाटेत बांधासारख्या आडव्या येतात. रांगाच नसत्या तर? अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर जमलेला समुदाय डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना रांगेत उभे करावयाचे तर वेळ लागेल. परंतु ‘जेथे आहात तेथेच थांबा’ असा हुकूम एकदम सुटला, तर जो जेथे असेल तेथेच उभा राहील. वितळलेल्या धातूला असाच हुकूम द्यावयाचा. खिडकीच्या काचेत अणूंची अशीच बेशिस्त असते, म्हणून अशा धातूला धातूची काच म्हणतात. ती पारदर्शक मात्र नसते. दिसावयास चकचकीत पत्र्यासारखीच.

अडचण एवढीच की धातूचे अणू फार चपळ. काच दाट मधासारखी सावकाश घट्ट होते. वितळलेली धातू पाण्यासारखी पातळ, आणि तिच्या रांगा पाहता पाहता लागतात. त्यांना गाठावयाचे तर सेकंदाला दहा लाख अंश या वेगाने थंड करावे लागते. हा आकडा ऐकून दचकू नये. याचा अर्थ एवढाच की हजार अंशांची उतरण सेकंदाच्या हजाराव्या भागात झाली पाहिजे.

ही गोष्ट प्रथम साधली ती सोन्यावर. 1960 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल दुवेझ आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट व विलेन्स यांनी सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रणाचा वितळलेला थेंब वायूच्या झोताने थंड तांब्यावर फेकला. थेंब पसरून त्याची अत्यंत पातळ चकती झाली. क्ष-किरणांखाली पाहतात तो अणूंच्या रांगांची खूण नाही! गंमत अशी की ते काचेच्या शोधात निघालेच नव्हते. एरवी एकमेकांत न मिसळणाऱ्या धातू झटक्यात गोठवून मिसळतात की काय, एवढे त्यांना पाहावयाचे होते. सोन्याची निवड मात्र फळास आली. सोने 1,064 अंशांवर वितळते, सिलिकॉन 1,414 अंशांवर. पण योग्य प्रमाणात एकत्र केली की मिश्रण सुमारे 360 अंशांपर्यंत पातळ राहते. इतक्या खाली येईपर्यंत अणूंची चपळाई ओसरलेली असते, म्हणून त्यांना पकडणे सोपे.

आपल्याकडे हा अभ्यास काशी हिंदू विश्वविद्यालयात टी. आर. अनंतरामन यांनी रुजवला, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झिर्कोनियमच्या अशा मिश्रधातूंवर काम झाले.

चकतीने ट्रान्सफॉर्मर होत नाही. त्याला मैलोगणती फीत हवी. आपला सोनार पत्रा कसा करतो? मुशीत सोने वितळवतो, त्याची लगड ओततो, आणि मग ठोकून, पुन्हा तापवून, पुन्हा ठोकून ती पातळ करतो. पोलादाच्या कारखान्यातही जाड लादी ओतून ती रुळांखाली दाबत नेतात. वितळलेले पोलाद थेट दोन थंड रुळांमध्ये ओतून एकदम पत्राच काढावा, ही कल्पना हेन्री बेसेमरला 1857 सालीच सुचली होती. ती साध्या पोलादाच्या व्यापारी उत्पादनात उतरण्यास 2002 साल उजाडावे लागले. तेही एक-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा.

आपल्या कामाला तेवढी पातळाई पुरत नाही, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. उष्णता धातूच्या आतून बाहेर यावयास वेळ लागतो, आणि जाडी दुप्पट केली की तो वेळ चौपट होतो. पावलाभर जाड लादीच्या गर्भातली उष्णता बाहेर यावयास अर्धा तास लागला, तर मिलिमीटरभर पत्र्याला सेकंदाचा अंश पुरतो आणि मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या फितीला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. म्हणजे फीत पातळ आहे ती कोणाच्या आवडीने नव्हे. ती केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पातळ असल्याखेरीज तिच्यात काच गोठतच नाही.

म्हणून युक्ती अशी केली. आतून पाण्याने थंड ठेवलेले तांब्याच्या मिश्रधातूचे मोठे चाक वेगाने फिरवावयाचे. त्याच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या अंशावर, एक अरुंद फट असलेले तोंड धरावयाचे आणि त्यातून वितळलेली धातू सोडावयाची. तोंड व चाक यांच्यामध्ये धातूचे इवलेसे डबके साचते, आणि चाक त्या डबक्याच्या तळाची साय जणू ओढून नेते. अशा रुंद फितीचे पेटंट 1979 साली अमेरिकेत नरसिंहन यांच्या नावे झाले. फीत सेकंदाला पंचवीस-तीस मीटर सुटते. मोकळ्या मार्गावर लोकल गाडी धावते, साधारण तेवढ्या वेगाने. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी सरकते, आणि तेवढ्या अंतरात लाल रसाची घन फीत झालेली असते. फट थोडी तुंबली, चाक किंचित तापले, डबके हलले, की फितीला भोके पडतात. हा सगळा कारखाना त्या इवल्या डबक्यावर उभा आहे.

फितीत वजनाने नव्वद टक्क्यांहून अधिक लोखंड, बाकी सिलिकॉन व बोरॉन. बोरॉनचे लहान अणू लोखंडाच्या अणूंमध्ये घुसून रांगा मोडतात. शिवाय पातळपणाचा दुसरा लाभ पदरात पडतो: गाभ्यात भोवऱ्यासारखे फिरणारे वायफळ विद्युत्प्रवाह पातळ पत्र्यात वाढू शकत नाहीत. दोन्ही मिळून गाभ्यातील नुकसान दोनतृतीयांशाहूनही कमी करता येते. आपल्या 500 वॅटच्या उदाहरणात ते 150 वर आले असे धरा. वर्षाकाठी 3,066 युनिटे वाचली.

मग सगळीकडे हेच का नाही? फीत महाग पडते. फार कठीण असल्याने कापणारी पाती झिजतात. चुंबकीय गुण सुधारण्यासाठी भट्टीत तापवली की ठिसूळ होते. ती नेहमीच्या पत्र्याइतके चुंबकत्व पेलत नाही आणि थर एकमेकांवर तितके घट्ट बसत नाहीत, म्हणून गाभा मोठा करावा लागतो. आणि ज्या आवाजापासून आपण निघालो तो या गाभ्यात सहसा वाढतो! गिरगावसारख्या दाट वस्तीत, जेथे खोलीची प्रत्येक वीत मोजलेली असते आणि भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलेले असते, तेथे या दोन उणिवा लहान नव्हेत. माझे मत विचाराल तर हा गाभा प्रथम कोकणातल्या किंवा देशावरच्या लहान गावाच्या खांबावर चढवावा. तेथे जागेची अडचण नाही, आणि रात्री चार दिव्यांसाठी सबंध ट्रान्सफॉर्मर जागत असतो.