कुत्रा आणि हिरवळ

ज्या घरीं अंगण आहे व अंगणांत कुत्रा आहे, त्या घरीं एक तक्रार बहुधा ऐकूं येते. मोठ्या हौसेनें लावलेल्या हिरवळीवर जागोजाग ताटलीएवढे पिवळे डाग पडतात, कांहीं दिवसांनीं ते तपकिरी होतात आणि शेवटीं तेथें उघडी माती दिसूं लागते. मग वडील माणसें कुत्र्यावर रागावतात, मुलें त्याची बाजू घेतात आणि तें मुकें जनावर दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतें. कित्येक घरीं त्यास मार बसतो, किंवा दिवसभर साखळीस बांधून ठेवण्यांत येतें. हा तंटा बहुतांशीं अज्ञानांतून उद्भवतो, असें आमचें मत आहे. म्हणून त्या डागांचें खरें कारण काय व त्यांवर उपाय कोणता, ह्याचा येथें विचार करूं.

कुत्र्याचें मूत्र आम्ल असतें व त्या आम्लानें गवत जळतें, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो खरा नव्हे. कुत्रा जें मांस, अंडीं, दूध वगैरे खातो, त्यांत प्रथिनें असतात. शरीराच्या उपयोगास येऊन उरलेल्या प्रथिनांतील नत्र युरियाच्या रूपानें मूत्रावाटे बाहेर पडतें. शेतकरी पोतीं आणून उंसास व गव्हास जो युरिया घालतात, तोच हा पदार्थ. म्हणजे कुत्रा हिरवळीवर विष टाकीत नाहीं, तर खत टाकतो!

मग खतानें गवत मरावें कां? ह्याचें उत्तर प्रमाणांत आहे. शेतकरी मूठभर युरिया पुष्कळ जागेवर पसरतो. कुत्रा आपला सर्व सांठा वीतभर जागेंत रिकामा करतो. त्या ठिकाणच्या मातींत नत्र व क्षार इतके वाढतात कीं, मुळांस पाणी शोषून घेणें अशक्य होतें, व ओल असूनहि गवत तहानेनें करपतें. ह्याचा पुरावा त्या डागापाशींच मिळतो. डागाच्या भोंवतीं पुष्कळदां गडद हिरव्या, उंच गवताचें कडें दिसतें. मध्यभागीं खत अति झालें म्हणून गवत मेलें. कडेस तेंच खत बेताचें पोंचलें म्हणून तें पोसलें.

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानचे पशुवैद्य वेन अलार्ड, जे पुढें तेथील सिनेटचे सभासद झाले, त्यांनीं ह्या विषयावरील आपले प्रयोग 1981 सालीं प्रसिद्ध केले. मूत्राचें आम्लत्व बदलल्यानें गवताचें नुकसान टळत नाहीं, असें त्यांस आढळलें. त्यांनीं तपासलेल्या गवतांपैकीं बर्म्यूडा गवत फार लौकर करपणाऱ्यांत निघालें. हें बर्म्यूडा गवत म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपली हरळी, अर्थात् दूर्वा होय. तथापि हरळीच्या अंगीं एक मोठा गुण आहे. तिचे धुमारे जमिनीवरून व जमिनीखालून पसरत जातात. त्यामुळें मूळ दोष दूर झाला कीं ती आपली जखम आपणच भरून काढते.

कुत्रीच्या मूत्रानें अधिक डाग पडतात, हें दिसण्यांत खरें आहे. पण तिचें मूत्र अधिक जहाल असतें असें मात्र नव्हे. ती खालीं बसून एकाच जागीं सर्व मूत्र सोडते. कुत्रा पाय वर करून झाडाच्या बुंध्याशीं, खांबाशीं थोडें थोडें सोडतो, इतकाच भेद.

आतां उपाय. पहिला व सर्वांत सोपा उपाय पाण्याचा. कुत्र्यानें मूत्र केल्याबरोबर त्या जागीं झारीभर पाणी ओतावें. जें खत मारक होतें, तेंच पातळ होऊन पोषक होतें. दुसऱ्या दिवशीं डाग दिसल्यावर ओतलेलें पाणी मेलेलें गवत जिवंत करीत नाहीं.

दुसरा उपाय शिकवणुकीचा. अंगणाच्या एका कोपऱ्यांत वाळू किंवा बारीक खडी घालून कुत्र्यासाठीं जागा नेमावी. रोज सकाळीं व जेवणानंतर त्यास साखळीनें तेथेंच न्यावें आणि काम झाल्यावर शाबासकी द्यावी. मारानें कुत्रा जागा शिकत नाहीं; धन्यास भ्यावें एवढेंच शिकतो.

तिसरा उपाय हिरवळीची निगा राखण्याचा. जेथें कुत्रा वावरतो तेथें नत्रयुक्त खत हात राखून घालावें. उन्हाळ्यांत गवत फार खुडवून कापूं नये. उंच गवताचीं मुळें खोल जातात. डाग पडलाच तर माती पाण्यानें चांगली धुवून काढावी, वाळलेलें गवत खरवडावें आणि चांगल्या जागेंतील हरळीचे तुकडे तेथें लावावे.

परंतु प्रत्येक डागाचा आळ कुत्र्यावर घेऊं नये. वाळलेलें गवत धरून हळूच ओढावें. तें चटईसारखें सहज उचललें गेलें, तर खालीं हुमणीनें मुळें खाल्लीं असावींत असें समजावें.

गवत वांचविण्याच्या भरांत कुत्र्याच्या अन्नांत मीठ, व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा मुळींच मिसळूं नये. हिरवळ पुन्हां लावतां येते. बिघडलेलें मूत्रपिंड पुन्हां लावतां येत नाहीं. कुत्र्यापुढें स्वच्छ पाणी मात्र सदैव असावें.

एक गोष्ट पालकांस विशेष सांगावयाची. डागापेक्षां विष्ठेची काळजी अधिक घ्यावी. तींत अंकुशकृमींचीं अंडीं असूं शकतात. ओलसर मातींत त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या कातडींत शिरून खाज सुटणारे नागमोडी व्रण उठवितात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी व पशुवैद्याच्या सल्ल्यानें कुत्र्यास वेळोवेळीं जंतांचें औषध द्यावें.

‘अति तेथें माती’ ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. हिरवळीच्या डागांत ती अक्षरशः खरी झालेली दिसते. दोष कुत्र्याचा नाहीं, खताचाहि नाहीं; दोष एका जागीं झालेल्या अतिरेकाचा आहे. झारीभर पाणी व थोडा धीर एवढें ज्या घरीं असेल, तेथें कुत्रा व हिरवळ हीं दोन्हीं सुखानें नांदतील.