‘निगेटिव्ह’वर विश्वास कधी ठेवायचा?

आम्हाला अनेकदा विचारला जाणारा प्रश्न : असुरक्षित शरीरसंबंधानंतर तिसऱ्या दिवशी एचआयव्हीची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, म्हणजे सुटका झाली ना?

नाही. तपासणी चुकलेली नसते, ती लवकर केलेली असते. साध्या तपासणीत आपण विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधतो. ती सापडण्याइतकी व्हायला संसर्गानंतर २३ ते ९० दिवस लागतात. आज पेरलं आणि उद्या कोंब दिसला नाही, म्हणून बी रुजलंच नाही असं आपण म्हणतो का? विषाणूचं प्रथिनही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला १८ ते ४५ दिवस पुरतात.

मात्र ९० दिवसांनंतरही ‘निगेटिव्ह’ आलं आणि मधल्या काळात नवा धोका घडला नसेल, तर निःशंक व्हावं. पुन्हापुन्हा तपासून भीती जात नाही. ‘पॉझिटिव्ह’ आलं तरी एकाच तपासणीवर निदान करत नाहीत; वेगळ्या तपासण्यांनी खात्री करून घेतात.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात. वर्गाबाहेर एखाद्यानं दबक्या आवाजात विचारलं, तर आपल्याला एवढं सांगता यायला हवं.